बिघाड की बंदी?

२०१९ च्या सप्टेंबरातली गोष्ट. मी तेव्हा कंपनीच्या कामासाठी चीनमध्ये, शांघायजवळच्या सुझौ शहरात राहत होतो. इकडे सांगलीला बाबांची बायपास ठरली. पितृपक्षात ऑपरेशन नको म्हणून आई अडून बसली होती, पण डॉक्टर थांबायला तयार नव्हते. ताईचा साधा फोन आला, "घाबरू नकोस. पण उद्या सकाळी आत नेण्याआधी बाबांना तुझा चेहरा बघायचाय. रात्री नऊला व्हिडिओवर ये."

रात्रीचे नऊ म्हणजे माझे साडेअकरा. व्हॉट्सअ‍ॅप चीनमध्ये २०१७ पासून बंद, त्यामुळे आधी व्हीपीएनचं अ‍ॅप लावायचं आणि मग घरी बोलायचं ही रोजचीच सवय. चिनी वुईचॅट ताईच्या फोनवर नव्हतं आणि इस्पितळाच्या व्हरांड्यात तिला ते शिकवायची ती वेळही नव्हती. अकरा वाजता अ‍ॅपचं बटण दाबलं. गोल चक्र फिरायला लागलं. "कनेक्ट होत आहे..." फिरतंय, फिरतंय, आणि शेवटी "जोडणी अयशस्वी".

मग सुरू झाली आपली नेहमीची खटपट. फोन बंद करून चालू केला. वायफाय सोडून मोबाईल डेटावर गेलो. सिंगापूरचा सर्व्हर सोडून टोकियोचा, टोकियोचा सोडून लॉस एंजेलिसचा धरला. फोनचं घड्याळ बरोबर आहे का पाहिलं (घड्याळ चुकलं की प्रमाणपत्रांची पडताळणी फसते, हे कधीतरी वाचलं होतं). सेटिंगमध्ये जाऊन प्रोटोकॉल बदलला. एकदा तर चक्क जोडलं गेलं, आणि दोन मिनिटांत तुटलं. शेवटी वैतागून मी अ‍ॅपच काढून टाकलं, नव्याने घेऊ म्हणून. आणि मग ट्यूब पेटली. अँड्रॉइडचं दुकान, म्हणजे गूगल प्ले, तेही भिंतीपलीकडेच! किल्ली आत ठेवून दार ओढून घेतल्यासारखी गत झाली.

त्या तासाभरात मी फोनला शिव्या दिल्या, अ‍ॅपवाल्यांना दिल्या, पण सगळ्यात जास्त स्वतःला दिल्या. आपलंच काहीतरी चुकतंय, ही भावना काही जाईना. नंतर मी या भिंतीचा इतिहास वाचायला लागलो तो या भावनेपायीच.

इतिहासाची सुरुवातही न जुळलेल्या जोडणीनेच होते, ही मोठी गंमत आहे. चीनमधून बाहेर गेलेलं पहिलं ईमेल १४ सप्टेंबर १९८७ रोजी बीजिंगमध्ये लिहिलं गेलं. जर्मनीच्या कार्ल्सरूह विद्यापीठातले वेर्नर झोर्न आणि बीजिंगचे प्राध्यापक वांग युनफेंग यांचा हा खटाटोप. मजकूर असा, की चीनची भिंत ओलांडून आम्ही जगाच्या कानाकोपऱ्यात पोहोचू शकतो. पण निरोप हलेना! प्रणालीत दोष निघाला, मंडळी तो शोधत बसली आणि २० तारखेला एकदाचं ते पत्र कार्ल्सरूहला पोहोचलं. तो बिघाड होता. दोन्हीकडच्या माणसांना जोडणी हवी होती, म्हणून तो सापडला आणि दुरुस्त झाला.

पुढच्या काळात चीनने आपल्या नेटभोवती जी भिंत उभारली, तिची रीत मात्र निराळी. ती तोंडावर "मना आहे" म्हणत नाही. तुम्ही एखाद्या साइटचा पत्ता विचारलात, तर ती खोटाच पत्ता देते. केंब्रिजच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिलं, की नको असलेला शब्द दिसला की ही भिंत दोन्ही टोकांना खोटा निरोप धाडते, "समोरच्याने जोडणी तोडली". दोघेही गुमान फोन ठेवतात. प्रत्येकाला वाटतं, पलीकडच्याचंच काहीतरी बिनसलंय.

आणि व्हीपीएन? ते मुळात भिंत ओलांडण्यासाठी जन्मलंच नव्हतं. नव्वदच्या दशकात मायक्रोसॉफ्ट आणि इतर कंपन्यांनी पीपीटीपी आणलं ते घरी बसलेल्या कर्मचाऱ्याला ऑफिसच्या जाळ्यात शिरता यावं म्हणून. जेम्स योनान मध्य आशियात भटकत होते, वाटेतल्या परक्या जाळ्यांवर त्यांचा भरवसा नव्हता, त्यातून २००१ मध्ये ओपनव्हीपीएन आलं. या सगळ्यांचा हेतू पत्र पाकिटात बंद करण्याचा. पाकीट लपवण्याचा नव्हे. भिंतीला पत्र वाचता येत नाही, पण पाकीट ओळखता येतं. पीपीटीपीचं तर दार ठरलेलं, १७२३ क्रमांकाचं. अलीकडच्या वायरगार्डचा पहिला संदेशही मोजून १४८ बाइटांचा. लांबूनच ओळखावा असा.

माझं दोन मिनिटांत तुटलेलं प्रकरणही मला पुढे जरा उलगडलं. संशय आला, की भिंत स्वतःच गिऱ्हाईक बनून त्या सर्व्हरचं दार वाजवते. व्हीपीएनची भाषा ऐकू आली की तो पत्ताच बंद. टॉरच्या बाबतीत ही युक्ती संशोधकांनी २०१२ मध्ये उघड केली. त्याच वर्षी एका चिनी प्रोग्रॅमरने, ज्याचं पाकीटच ओळखू येऊ नये असं शॅडोसॉक्स लिहिलं. ऑगस्ट २०१५ मध्ये पोलिसांनी गाठल्यावर त्याने कोड काढून घेतला. पण तोवर त्याच्या प्रती जगभर पसरल्या होत्या.

ज्यांना या भिंतीचे जनक म्हणतात, ते फांग बिनशिंग २०१६ मध्ये हार्बिनला व्याख्यान देत होते. बोलता बोलता त्यांना दक्षिण कोरियातलं एक पान दाखवायचं होतं. ते उघडेना. शेवटी भर सभेत त्यांनी व्हीपीएन लावलं! पुढे चिनी नेटवर लोकांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. मला मात्र ते वाचताना हसू येता येता राहिलं.

आता कळतं, की त्या आठवड्यात माझ्या फोनचं काहीच बिघडलं नव्हतं. १ ऑक्टोबरला चीनच्या प्रजासत्ताकाची सत्तर वर्षं पूर्ण होत होती आणि अशा दिवसांच्या तोंडावर भिंत घट्ट होते, हे तिथल्या जुन्या माणसांना पाठ होतं.

सुटका झाली ती एका जुन्या सिमकार्डाने. बँकेच्या ओटीपीपुरतं जिवंत ठेवलेलं माझं भारतातलं कार्ड ड्रॉवरमध्ये पडलं होतं. रोमिंगवर डेटा आधी आपल्या मूळ कंपनीच्या जाळ्यात जातो आणि मग नेटवर, त्यामुळे भिंत त्याला अडवत नाही. ताईने तिकडून रोमिंगचा पॅक मारला. माझे साडेबारा वाजून गेले होते. बाबा जागे होते. पडद्यावर मला बघून म्हणाले, "काय रे, फोन बिघडला होता होय?"

"हो बाबा," मी म्हटलं, "बिघडला होता."

बाबा त्यातून सुखरूप बाहेर आले. पण ते उत्तर मला अजून टोचतं. बंदीला मी बिघाड म्हणालो, आणि बंदी घालणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. बिघाडाला जाब विचारायचा नसतो, तो आपण मुकाट्याने दुरुस्त करत बसतो.

आपल्याकडे काश्मीरमध्ये त्याच दिवसांत, ५ ऑगस्टपासून, इंटरनेट बंद होतं. पण ते बंद केलंय हे निदान जाहीर होतं, म्हणून लोकांना कोर्टात जाता आलं. जानेवारी २०२० मध्ये टू-जी परत आलं तेव्हा ३०१ साइटींच्या यादीपलीकडे जायला तिथली माणसंही व्हीपीएनच शोधत होती. त्यांच्यापैकी कुणाचे बाबा कुठल्या इस्पितळात होते, कोण जाणे. माझ्याकडे निदान ड्रॉवरमध्ये दुसरं सिम होतं.