पहिली हार्ड डिस्क

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला संगणकाची दुय्यम स्मृती म्हणजे मुख्यतः पंचकार्डे आणि चुंबकीय फीत. फितीवरची मधलीच एखादी नोंद हवी असली, तरी आधीची सगळी फीत फिरवावी लागे. ही अडचण सोडवली ती आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेने. रेनॉल्ड जॉन्सन यांच्या चमूने घडवलेले डिस्क-यंत्र १९५६ मध्ये रामॅक संगणकासोबत जाहीर झाले.

त्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या एकाच दांड्यावर मिनिटाला १,२०० फेरे घेत. त्यांवर लोहाच्या ऑक्साइडचा लेप असे. तो देण्याची रीत मोठी कल्पक होती: तलम पायमोज्यातून गाळलेला रंग फिरत्या चकतीच्या मध्याजवळ कागदी पेल्याने ओतला, की तो आपसूक कडेपर्यंत सारखा पसरे. माहिती लिहिताना हेडच्या, म्हणजे लिहिण्या-वाचण्याच्या भागाच्या, वेटोळ्यातून वीज जाई आणि लेपाचा बारीकसा भाग ठरावीक दिशेने चुंबकित होई. वाचताना ही दिशा जिथे बदले, तिथे वेटोळ्यात क्षीण वीज उमटे. हेड चकतीला घासू नये म्हणून मध्ये दाबाखालची हवा सोडलेली असे. खरे कौतुक या हवेच्या पातळ थराचेच.

कोणतीही नोंद सरासरी ०.६ सेकंदात हाती येई. सुमारे एक टन वजनाच्या त्या यंत्रात ५० लाख अक्षरे मावत.