एच-१बी : अर्ज नियोक्त्याचा, मुदत कर्मचाऱ्याची
अमेरिकेतील १९९० च्या स्थलांतर कायद्याने विशेष कौशल्याच्या परदेशी कर्मचाऱ्यांसाठी एच-१बी हा दर्जा निर्माण केला. त्यासाठी कर्मचाऱ्यास स्वतः अर्ज करता येत नाही. नियोक्ता प्रथम वेतन व कामाच्या अटींचे निवेदन कामगार विभागाकडून प्रमाणित करून घेतो आणि मग स्थलांतर सेवेकडे आय-१२९ अर्ज दाखल करतो. वार्षिक मर्यादा ६५,००० असून अमेरिकेत पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० जागा आहेत. दर्जा प्रथम तीन वर्षांपर्यंत व सर्वसाधारणपणे एकूण सहा वर्षे मिळतो.

हा दर्जा नियोक्त्याशी बांधलेला असल्याने नोकरी सुटताच मुक्कामाचा प्रश्न उभा राहतो. एच-४ वर राहणाऱ्या जोडीदाराचा व मुलांचाही. अशा वेळी कमाल ६० दिवसांची सवलत मिळू शकते. आय-९४ ची मुदत त्याआधी संपत असल्यास तेवढीच. या काळात नव्या नियोक्त्याने अर्ज दाखल केल्यास मंजुरीपूर्वीही तेथे काम सुरू करता येते. त्यासाठी पूर्वीचा दर्जा सिद्ध करावा लागतो. म्हणून आय-७९७ मंजुरीपत्र व वेतनपत्रकांच्या प्रती कार्यालयाच्या संगणकावर न ठेवता स्वतःजवळ बाळगणे इष्ट.