वॉटरफर्डचा पाडाव

आयर्लंडच्या आग्नेय भागात, समुद्रापासून थोड्याच अंतरावर, शुअर नदीच्या काठी वॉटरफर्ड हे बंदर वसले आहे. व्हायकिंग दर्यावर्द्यांनी इ. स. ९१४ मध्ये तेथे ठाणे घातले. पुढे व्यापार वाढला, शहराभोवती तट उभा राहिला. इ. स. ११७० मध्ये हे शहर नॉर्मनांच्या हाती गेले. परंतु त्या पाडावाची बीजे एका पदच्युत राजाच्या महत्त्वाकांक्षेत होती.

लेन्स्टरचा राजा डर्मट मॅकमरो याला त्याच्या शत्रूंनी ११६६ मध्ये देशोधडीस लावले. तो साह्याची याचना करीत इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याच्याकडे गेला. हेन्रीने सैन्य दिले नाही. आपल्या प्रजाजनांपैकी ज्याची इच्छा असेल त्याने डर्मटला मदत करावी, एवढी अनुज्ञा मात्र दिली. वेल्समधील नॉर्मन सरदार लढवय्ये होते आणि जमिनीचे भुकेलेही होते. त्यांपैकी रिचर्ड द क्लेअर, म्हणजे इतिहासप्रसिद्ध स्ट्राँगबो, याला डर्मटने आपली कन्या ईफा व आपल्यामागे लेन्स्टरचे राज्य देऊ केले.

११६९ मध्ये पहिली तुकडी उतरली व वेक्सफर्ड शरण आले. पुढील वर्षी २३ ऑगस्टला स्ट्राँगबो सुमारे दोनशे चिलखती स्वार आणि हजारभर सैनिक घेऊन वॉटरफर्डनजीक उतरला. २५ तारखेला नागरिकांनी दोन हल्ले परतवून लावले. इतक्यात तटातून बाहेर डोकावणारे एक लहानसे घर रेमंड या सरदाराच्या दृष्टीस पडले. त्या घराचा भार तटाबाहेरील एका खांबावर होता. तो खांब तोडताच घर कोसळले, त्याबरोबर तटाचा काही भागही ढासळला आणि त्या खिंडारातून शत्रू आत घुसला. रस्त्यांत प्रेतांचा खच पडला. रेजिनाल्डच्या बुरुजात सापडलेल्या काही नायकांचा वध झाला. काहींचे प्राण डर्मटच्या रदबदलीने वाचले. मग त्याच रक्ताने माखलेल्या शहरात ईफाचा विवाह स्ट्राँगबोशी लावण्यात आला.

परत मिळविलेले राज्य डर्मटला फार दिवस लाभले नाही. ११७१ च्या मे महिन्यात तो मरण पावला. आपला सरदारच स्वतंत्र राजा होऊन बसेल, या शंकेने त्याच वर्षी ऑक्टोबरात हेन्री स्वतः मोठे आरमार घेऊन वॉटरफर्डला आला. त्या दिवसापासून आयर्लंडवर पडलेली इंग्लंडची सावली, कमीअधिक गडद होत, १९२२ पर्यंत टिकली. देशाच्या उत्तर भागावरून तर ती तेव्हाही हटली नाही. डर्मटने साह्यकर्ते बोलावले होते ते आपल्या एका सिंहासनासाठी. त्यांना निरोप देण्याचे काम मात्र पुढच्या कित्येक पिढ्यांच्या वाट्यास आले.