फ्लॉरेन्समधली कोल्हापुरी छत्री

फ्लॉरेन्सच्या पश्चिमेला काशिने नावाची लांबलचक बाग आहे. तिच्या टोकाला, आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर, एक घुमटी छत्री आणि तिच्याखाली फेटेवाल्या तरुणाचा रंगीत अर्धपुतळा आहे. तिथले लोक त्याला नुसते ‘इंडियानो’ म्हणतात. १९७८च्या सुमारास शेजारी पूल झाला, त्यालाही तेच नाव पडले. हा इंडियानो म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज.

छत्रीची कुळकथा १८५७पासून सांगावी लागते. त्या जुलैअखेर कोल्हापुरात इंग्रजांची २७वी पलटण बंड करून उठली. इंग्रजांचा संशय गेला तो तेव्हाचे राजे बाबासाहेब महाराज यांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांच्यावर. त्यांना कराचीला धाडले. १८६९मध्ये ते तिथेच वारले.

बाबासाहेब १८६६मध्ये निपुत्रिक गेले आणि सोळा वर्षांचे राजाराम दत्तक आले. बंडाच्या गावाला आपल्याला हवा तसा राजा घडवायची अशी संधी इंग्रज कशी सोडतील? इंग्रजी शिक्षण झाले, आणि १८७०मध्ये इंग्रज अधिकारी कॅप्टन वेस्टच्या सोबतीने विलायतवारीही. महाराजांनी पार्लमेंट पाहिले, व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली, रोजनिशी इंग्रजीत लिहिली. वेस्टने ती १८७२मध्ये छापली. ते शिष्य असे गुणी होते, की गुरूला अभिमान वाटला तर नवल नाही.

परतीच्या वाटेवर तब्येत ढासळली. ३० नोव्हेंबर १८७०ला, विसाव्या वर्षी, महाराज फ्लॉरेन्समध्ये वारले. तेव्हा ते शहर इटलीची राजधानी होते, पण तिथे दहन रूढ नव्हते. खास परवानगी काढावी लागली. बरोबरच्या मंडळींनी संगम शोधला. प्रयाग-चिखलीच्या संगमाजवळच्या कोल्हापूरकरांना तो शोधणे सुचणारच. चिता तिथे रचली.

१८७४मध्ये त्याच जागी छत्री उभी राहिली. आराखडा इंग्रज लष्करी इंजिनिअर मँट यांचा, पुतळा इंग्रज शिल्पकार फुलर यांचा. पंचगंगेच्या घाटावरच्या समाधिमंदिरांशेजारी ठेवली तर ही छत्री पाहुणीच वाटेल. ती साहेबाच्या मनातल्या हिंदुस्थानाची आहे. पुढे कोल्हापुरात नवा राजवाडा बांधला तोही मँटच्याच आराखड्यावर.

राजारामांनंतर दत्तक आलेल्या शिवाजी महाराजांना मात्र इंग्रजांनी वेडे ठरवले आणि अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले. १८८३च्या डिसेंबरात पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा मृत्यू झाला. पुढच्या मार्चमध्ये गादीवर दत्तक आले ते कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव, म्हणजे शाहू महाराज.