फवारणी, फॉस्फरस आणि पेशीचे दार

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातील कपाशी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती. पंपातून उडणारे औषध फवारणाऱ्याच्याच तोंडावर येई. जुलै ते ऑक्टोबर या काळात शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधेने रुग्णालयांत दाखल झाले. वीसहून अधिक दगावले. हा इतिहास बहुधा शासन आणि कंपन्यांच्या जबाबदारीच्या अंगाने सांगितला जातो, आणि तसा तो सांगायलाच हवा. मात्र त्याचा एक भाग स्नायूपेशीच्या आवरणात घडला.

त्या आवरणात प्रथिनांच्या वाहिन्या असतात. मज्जातंतूकडून ॲसिटिलकोलीन आले की त्यांचे दार उघडते, सोडियम आत शिरतो, स्नायू आकुंचन पावतो. या दारावर पेशीचाही ताबा असतो. रिचर्ड ह्यूगनिर, पॉल ग्रीनगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये, विजेचा धक्का देणाऱ्या पाकट माशाच्या वाहिन्या घेऊन, हे दाखवले. वाहिनीतील सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसवला की समोर ॲसिटिलकोलीन असूनही ती लवकर निपचित होते. पेशीकडे हा फॉस्फेट काढून घेणारी विकरेही असतात. बसवणे आणि काढणे, दोन्ही तिच्या हाती.

प्रोफेनोफॉसही सेरीनवरच फॉस्फरस बसवते. पण वाहिनीच्या नव्हे, ॲसिटिलकोलीनचा निचरा करणाऱ्या शेजारच्या विकराच्या. विकर बंद पडते, ॲसिटिलकोलीन साचते, वाहिन्या आधी अतोनात उघडतात आणि मग निपचित होतात. श्वासाचे स्नायू थांबतात ते असे.

या रसायनांचे कूळ जुने आहे. १९३६ मध्ये जर्मनीत गेरहार्ड श्राडर कीटकनाशक शोधत होता; हाती आला टाबून, पुढे युद्धासाठी बनवलेला विषारी वायू. १९५५ मध्ये अमेरिकेत अर्विन विल्सनने विकरावरचा फॉस्फरस ओढून काढणारे प्रॅलिडॉक्झीम पुढे आणले. प्रोफेनोफॉसपुढे मात्र ते फारसे चालत नाही. विकरावर बसलेल्या रेणूचा एक तुकडा लवकरच गळतो आणि उरलेला भाग औषधाला दाद देत नाही. ॲट्रोपिन स्राव आवरते, हृदयाची गती सावरते, स्नायूंच्या वाहिन्यांना ते स्पर्शही करत नाही. नवे विकर तयार होईपर्यंत रुग्णाला व्हेंटिलेटरवर जगवावे लागते.

त्या नोव्हेंबरात राज्य शासनाने पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. त्यांत प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रीन यांचे तयार मिश्रण होते. सायपरमेथ्रीन मज्जातंतूतील सोडियम-वाहिन्यांना वेळेवर मिटू देत नाही. एकाच बाटलीत दोन्ही.