कराकोल : कुर्द गावांच्या उशाशी असलेली चौकी

तुर्कीत ठाण्याला ‘कराकोल’ म्हणतात. शहरांत पोलीस, तर खेड्यापाड्यांत ‘जांदार्मा’ हे निमलष्करी दल बंदोबस्त बघतं.

आग्नेय तुर्कीतल्या कुर्दबहुल डोंगराळ भागात या चौक्या कायम वादात राहिल्या. १५ ऑगस्ट १९८४ रोजी ‘पीकेके’ने एरुह आणि शेमदिनली इथे जांदार्मावर हल्ले करून सशस्त्र लढा सुरू केला. १९८५ मध्ये सरकारने ग्रामकायद्यात दुरुस्ती करून ‘कोरुजू’, म्हणजे पगारी बंदूकधारी गावराखे, नेमले. इथेच गावकऱ्यांची कोंडी झाली. बंदूक घेतली तर पीकेकेचा रोष, नाकारली तर चौकीचा संशय. १९९० च्या दशकात सुमारे ३,००० गावं-वाड्या ओस पडल्या. विस्थापितांचा सरकारी आकडाच पावणेचार लाखांच्या पुढे आहे.

दियारबाकिर प्रांतातल्या केलेकची गावात १९९२ मध्ये घरं जाळली गेली. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १९९६ मध्ये त्यासाठी तुर्कीला जबाबदार धरलं. भरपाईचा कायदा मात्र २००४ साली आला. जून २०१३ मध्ये, शांतता बोलणी चालू असतानाच, लिजे तालुक्यात चौकीच्या बांधकामाविरोधात गावकरी जमले. तेव्हा झालेल्या गोळीबारात एक तरुण दगावला.