ध्यानाने वेदना कमी होतात का?

विपश्यनेच्या शिबिराला जाऊन आलेली एखादी व्यक्ती आता बहुतेकांच्या परिचयात असते. कुणाची जुनी पाठदुखी तेथे थांबलेली असते, कुणाची झोप सुधारलेली असते, तर कुणी तिसऱ्याच दिवशी सामान बांधून घरी परतलेले असते. अशा अनुभवांवरून मत बनवणे सोपे असले, तरी त्यातून निष्कर्ष काढता येत नाही. ध्यानाचा वेदना, ताण आणि मनाची उदासी यांवर नेमका किती परिणाम होतो, हे वैद्यकशास्त्राने गेल्या पन्नास वर्षांत पद्धतशीरपणे तपासले आहे. त्याचे उत्तर 'होय, होतो' असेच आहे. मात्र या 'होय'ला मर्यादा आहेत आणि त्या ठाऊक नसतील, तर रुग्णाचे नुकसान होऊ शकते.

ध्यान ही मराठी माणसाला नवी गोष्ट नाही. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय ध्यानयोगाचाच आहे. योगाची प्रयोगशाळेत तपासणी व्हावी, या हेतूने स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधामची स्थापना केली होती. रुग्णालयात उपचार म्हणून ध्यानाचा वापर मात्र अमेरिकेत रुजला आणि तेथून तो आपल्याकडे 'माइंडफुलनेस' हे इंग्रजी नाव घेऊन परतला. 'सजगता' हा त्याला जवळचा मराठी शब्द. त्या त्या क्षणी जे घडते आहे, मग तो श्वास असो, गुडघ्यातील कळ असो वा मनातील चिंता, त्याकडे चांगले-वाईट न ठरवता लक्ष देणे, एवढाच त्याचा अर्थ.

डोकेदुखीसाठी आलेला साधक

वेदना आणि ध्यान यांच्या नात्यातील एक महत्त्वाची कथा ब्रह्मदेशात घडली आणि तिचे दुसरे पर्व महाराष्ट्रात. मंडालेत १९२४ मध्ये जन्मलेले उद्योजक सत्यनारायण गोयंका तीव्र अर्धशिशीने त्रस्त होते. वेदना शमवण्यासाठी त्यांना मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत. परदेशातील डॉक्टरांकडूनही गुण आला नाही. १९५५ मध्ये ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे सरकारी महालेखापाल आणि विपश्यनेचे आचार्य. डोकेदुखी बरी व्हावी म्हणून येत असाल तर येऊ नका, असे त्यांनी गोयंकांना बजावले. मनाच्या शुद्धीसाठी या; शारीरिक लाभ झाला तर तो आनुषंगिक समजा, अशी त्यांची भूमिका होती. गोयंकांना तो लाभ झाला. १९६९ मध्ये ते भारतात आले आणि १९७६ मध्ये इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्राचे काम सुरू झाले. २०१३ मध्ये त्यांचे मुंबईत निधन झाले, तोपर्यंत ही साधना जगभर पोहोचली होती.

ऊ बा खिन यांची ती अट आजच्या संशोधनाच्या पार्श्वभूमीवर विशेष अर्थपूर्ण वाटते. वेदना घालवण्याच्या आग्रहाने ध्यानाला बसणारा मनुष्य क्षणोक्षणी 'कमी झाली का?' हेच तपासत राहतो आणि त्या तपासणीनेच वेदना ठळक होते.

तळघरातील दवाखाना

रेणवीय जीवशास्त्रात पीएच. डी. केलेले जॉन कबाट-झिन झेन आणि विपश्यनेचे साधक होते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वूस्टर येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्यांनी १९७९ मध्ये ताणमुक्तीचा एक उपक्रम सुरू केला. ज्यांच्यावरील उपचार थकले होते, असे रुग्ण डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाठवावेत, अशी योजना होती. कर्मकांड, गुरू, मंत्र यांना तेथे स्थान नव्हते. आज हा अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा असतो. आठवड्यातून एकदा सुमारे अडीच तासांचा वर्ग, मध्ये एक पूर्ण दिवस मौनाचा आणि घरी रोज पाऊण तास सराव. पहिल्याच वर्गात प्रत्येकाच्या हातावर एक मनुका ठेवला जातो आणि तो कित्येक मिनिटे न्याहाळून, हुंगून, मग सावकाश चावून खायचा असतो. ऐकायला हे पोरकट वाटते. परंतु आपण एरवी किती बेसावधपणे खातो, हे त्या एका मनुक्यातून लख्ख कळते.

१९८२ मध्ये कबाट-झिन यांनी दीर्घकालीन वेदनेच्या ५१ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातील ६५ टक्के रुग्णांच्या वेदनेचा निर्देशांक किमान एकतृतीयांशाने घटला होता. आकडा आकर्षक असला तरी तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे तो पुरावा म्हणून कच्चाच होता. पक्का पुरावा मिळण्यास आणखी तीन दशके जावी लागली.

वेदनेचे दोन भाग

वेदना ही एकसंध गोष्ट आहे, असे आपण मानतो. प्रत्यक्षात तिचे किमान दोन भाग असतात. एक संवेदना: कोठे, किती जोराने, ठणका की जळजळ. दुसरा भाग तिच्याविषयीच्या त्राग्याचा: 'हे कधी संपणार', 'माझ्याच वाट्याला का', 'उद्या कामावर कसा जाऊ'. बौद्ध वाङ्मयातील सल्लसुत्तात हाच भेद दोन बाणांच्या दृष्टांताने सांगितला आहे. पहिला बाण शरीराला लागतो; दुसरा मनाला. ध्यानाचा परिणाम प्रामुख्याने दुसऱ्या बाणावर होतो, असे प्रयोगशाळेतही आढळले.

अमेरिकेतील वेक फॉरेस्ट विद्यापीठात फॅडेल झैदान यांनी केलेला प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ध्यानाचा पूर्वानुभव नसलेल्या १५ निरोगी स्वयंसेवकांना चार दिवस, रोज २० मिनिटे श्वासावर लक्ष ठेवण्यास शिकवण्यात आले. त्यांच्या पोटरीला ४९ अंश सेल्सिअस तापमानाचा चटका देऊन त्याच वेळी एमआरआय यंत्राने मेंदूची चित्रे घेण्यात आली. ध्यान करताना वेदनेची तीव्रता सुमारे ४० टक्क्यांनी, तर वेदनेचा त्रासदायकपणा ५७ टक्क्यांनी कमी नोंदवला गेला.

हा केवळ विश्वासाचा परिणाम नसेल कशावरून, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर २०१५ च्या प्रयोगात शोधण्यात आले. ७५ जणांचे चार गट करण्यात आले. एका गटाला खरे ध्यान शिकवले, दुसऱ्याला वेदनाशामक म्हणून साधे मलम लावले, तिसऱ्याला 'हे ध्यान आहे' असे सांगून केवळ डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला लावले, तर चौथ्या गटाला एक पुस्तक ऐकवले. त्रासदायकपणा खऱ्या ध्यानाने ४४ टक्के, खोट्या ध्यानाने २४ टक्के आणि खोट्या मलमाने १३ टक्के घटला. म्हणजे विश्वासाचा वाटा आहेच, पण त्याहून अधिक काही ध्यानात आहे. ते 'अधिक' नेमके काय, यावर मतभेद आहेत. शरीर स्वतः तयार करते ती अफूसदृश द्रव्ये रोखणारे औषध देऊनही नवशिक्यांना ध्यानाने आराम पडला, असे २०१६ च्या एका प्रयोगात आढळले. अनुभवी साधकांवरील दुसऱ्या प्रयोगाचा निष्कर्ष मात्र उलट निघाला.

प्रयोगशाळेतील क्षणिक चटका आणि दहा वर्षांची कंबरदुखी यांत अर्थातच फरक आहे. म्हणूनच २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली अमेरिकेतील ३४२ कंबरदुखीग्रस्तांची पाहणी अधिक मोलाची. वाकणे, चालणे, उठणे-बसणे यांत सहा महिन्यांनी लक्षणीय सुधारणा झालेल्यांचे प्रमाण सजगतेच्या गटात ६०.५ टक्के, विचार-वर्तन उपचारपद्धतीच्या गटात ५७.७ टक्के आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ४४.१ टक्के होते. पुढच्याच वर्षी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने जुनाट कंबरदुखीवर औषधांआधी विचारात घ्यावयाच्या उपायांत व्यायामाबरोबर या पद्धतीचाही समावेश केला. नेहमीच्या उपचारांनीही ४४ टक्के सुधारले आणि ध्यान करूनही सुमारे ४० टक्क्यांना विशेष फरक पडला नाही, हेही या आकड्यांतच आहे.

ताण आणि चिंता

ताणाच्या प्रसंगी शरीर लढण्याच्या किंवा पळण्याच्या तयारीत येते. हृदयाची गती वाढते, स्नायू आवळले जातात, ॲड्रिनलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात उतरतात. पूर्वी ही तयारी वाघासाठी होती. आता ती साहेबाच्या फोनसाठी होते आणि दिवसभर उतरत नाही. हार्वर्डचे हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनी महर्षी महेश योगी यांच्या पद्धतीने ध्यान करणाऱ्यांची तपासणी केली, तेव्हा त्यांना याच्या नेमकी उलट स्थिती दिसली. श्वास मंदावतो, प्राणवायूचा वापर घटतो. तिला त्यांनी 'विश्रांतीचा प्रतिसाद' म्हटले आणि १९७५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले.

चिंताविकाराबाबत २०२२ मध्ये एक लक्षवेधी चाचणी झाली. २७६ रुग्णांपैकी निम्म्यांना आठ आठवड्यांचा सजगतेचा अभ्यासक्रम आणि उरलेल्यांना एस्सिटॅलोप्रॅम हे नेहमीच्या वापरातील औषध देण्यात आले. दोन्ही गटांत चिंता जवळपास सारखीच कमी झाली. 'औषधाइतकेच प्रभावी' असे मथळे तेव्हा झळकले. मात्र त्यातील ध्यान म्हणजे प्रशिक्षित शिक्षक, साप्ताहिक वर्ग आणि रोजचा पाऊण तास सराव असे होते. चर्चगेट लोकलमध्ये उभ्याने ऐकलेली पाच मिनिटांची ध्वनिफीत आणि हा अभ्यासक्रम यांची गणना एकात करता येणार नाही.

नैराश्य: कोणाला उपयोग, कोणाला नाही

उदास वाटणे आणि नैराश्याचा आजार यांत फरक करणे येथे अत्यावश्यक आहे. नैराश्य एकदा येऊन गेल्यावर पुन्हा उलटण्याची शक्यता राहते. किंचित उदासी आली की जुने विचारचक्र सुरू होते आणि माणूस त्यात ओढला जातो. झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी, हे चक्र सुरू होताच ओळखता यावे, म्हणून कबाट-झिन यांच्या अभ्यासक्रमाला विचार-वर्तन उपचारांची जोड दिली.

त्यांची पहिली मोठी चाचणी २००० मध्ये प्रसिद्ध झाली. नैराश्यातून सावरलेल्या १४५ जणांचा त्यात समावेश होता. ज्यांना पूर्वी तीन किंवा अधिक वेळा नैराश्य आले होते, त्यांच्यात एरवी ६६ टक्क्यांना आजार उलटला. अभ्यासक्रम केलेल्यांत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास राहिले. परंतु दोनदाच आजार झालेल्यांना काहीच लाभ दिसला नाही. २०१५ मधील ब्रिटनच्या ४२४ रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण या पद्धतीने ४४ टक्के, तर औषधे चालू ठेवणाऱ्यांत ४७ टक्के होते. हा फरक नगण्य मानला गेला. या चाचण्यांतील रुग्ण आजारातून सावरलेले होते आणि ब्रिटनच्या चाचणीत या पद्धतीच्या गटाची औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करण्यात आली होती. तीव्र नैराश्यात असलेल्या, अन्न-झोप सुटलेल्या माणसाला 'ध्यानाला बस, बरे वाटेल' असे सांगणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. ते जमले नाही, की 'हेही आपल्याला येत नाही' ही आणखी एक खंत त्याच्या पदरी पडते.

या सर्व पुराव्यांचे एकत्रित मूल्यमापन अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये केले. ४७ चाचण्या आणि ३,५१५ रुग्णांच्या आधारे चिंता, नैराश्य व वेदना यांवर ध्यानाचा अल्प ते मध्यम स्वरूपाचा लाभ त्यांना आढळला. औषधे, व्यायाम यांसारख्या अन्य उपायांहून ध्यान सरस असल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही.

दुसरी बाजू

ध्यान निरुपद्रवी असते, हा समजही सर्वस्वी खरा नाही. ८३ अभ्यासांचा २०२० मध्ये घेतलेला आढावा सांगतो, की सुमारे ८ टक्के साधकांना अस्वस्थता, उदासी यांसारखे त्रास जाणवले. जुन्या आघाताच्या आठवणी शांततेत अचानक वर येऊ शकतात. स्किझोफ्रेनिया, उन्माद-नैराश्याचा विकार किंवा आत्महत्येचे विचार असलेल्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याविना दीर्घ मौन शिबिराला जाऊ नये. विपश्यना केंद्रेही गंभीर मानसिक विकार असणाऱ्यांना शिबिरात सहभागी न होण्याचा सल्ला देतात. प्रवेशअर्जातील आजारांची माहिती लपवण्याची आपल्याकडील सवय म्हणूनच धोक्याची ठरते. दहा दिवस पहाटे चारला उठून रोज सुमारे दहा तास बसणे, ही प्राथमिक सुरुवात नव्हेच.

तशीच गोष्ट शारीरिक वेदनेची. छातीत दुखणे, अचानक उठलेली असह्य डोकेदुखी, वजन घटत असताना होणारी पाठदुखी किंवा पायात बधिरपणा, यांवर प्रथम डॉक्टरांकडे जावे. वेदना हा शरीराचा इशारा असतो आणि त्याचे कारण शोधल्यानंतरच तिच्याशी जुळवून घेण्याचा प्रश्न येतो. मधुमेह, रक्तदाब अथवा नैराश्याच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.

सुरुवात करायची तर

ज्यांना घरी सुरुवात करायची आहे, त्यांनी दिवसाकाठी दहा मिनिटे काढावीत. पद्मासनाची गरज नाही. गुडघे वा कंबर दुखत असेल, तर पाठीला आधार असलेली खुर्ची उत्तम. श्वास मुद्दाम लांबवू नये. नाकपुड्यांपाशी किंवा पोटाच्या हालचालीत तो जाणवत राहावा. मन भरकटेल, गॅसवरचे दूध, हप्त्याची तारीख, कालचे भांडण आठवेल. भरकटल्याचे लक्षात येताच पुन्हा श्वासाकडे वळायचे. हे परत वळणे हाच सराव आहे. मन भरकटणे हे अपयश नव्हे.

दीर्घकालीन वेदना असणाऱ्यांना आडवे पडून करावयाची पद्धत सोयीची पडते. पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवावर क्रमाने लक्ष न्यावे. दुखऱ्या जागी आल्यावर तेथून पळू नये वा तेथे अडकूनही राहू नये. ठणका आहे की जळजळ, स्थिर आहे की कमी-जास्त होते, एवढे पाहून पुढे सरकावे. वेदना वाढू लागली, तर लक्ष श्वासाकडे किंवा बाहेरच्या आवाजांकडे न्यावे आणि तरीही त्रास होत असल्यास त्या दिवसापुरते थांबावे. बहुतेक चाचण्यांत परिणाम आठ आठवड्यांनी मोजला गेला, तेव्हा आठवडाभरात फरक न पडल्यास निराश होण्याचे कारण नाही.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकली, कामात वा झोपेत अडथळा येऊ लागला किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर केंद्र सरकारच्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही संपर्क साधता येतो. तेथे मराठीतही बोलता येते.